हवाईच्या बेटांवर आठवडाभराचा किराणा: कॉस्टको, सुपरमार्केट की शेतकऱ्यांचा बाजार?

घाटमाथा

काउआई, माउई किंवा बिग आयलंडवर (हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर) स्वयंपाकघर असलेला काँडो घेऊन राहणाऱ्यांसाठी हा धागा. हॉटेलात उतरणाऱ्यांनी पपई आणि कॉफीपुरतं वाचलं तरी चालेल.

प्रश्न नेहमीचाच. विमानतळावरून थेट कॉस्टको (मोठ्या मापात विकणारं, सदस्यांपुरतं दुकान) गाठून गाडी भरायची, की राहतो त्या गावच्या बाजारातून लागेल तसं घ्यायचं? एका गटाचं म्हणणं, बाजार म्हणजे पर्यटकांना लुटायचा धंदा. दुसऱ्या गटाला मोठ्या दुकानाचं नाव काढलं तरी पाप लागतं. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

आधी भाव चढे का, ते. हवाईत खाल्लं जाणारं ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून येतं. अमेरिकेचा पश्चिम किनारा ते होनोलुलू अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, मालवाहू जहाजाला चार-पाच दिवस लागतात. त्यात १९२० चा जोन्स कायदा. अमेरिकेच्या दोन बंदरांमधली मालवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या, अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजांनीच व्हायला हवी. साहजिकच भाडं जास्त. शिवाय होनोलुलूत उतरलेला बराचसा माल पुन्हा बार्जवर (सपाट मालवाहू नौकेवर) चढून काउआईच्या नाविलिविलीला, माउईच्या काहुलुईला, बिग आयलंडच्या हिलो आणि कावाइहाएला जातो. कॅलिफोर्नियातून जहाजाने निघालेली कोथिंबिरीची जुडी काउआईच्या फळीवर लागेपर्यंत आठवडा सहज उलटलेला असतो. तांदळाला आठवड्याने काही होत नाही, कोथिंबिरीला होतं.

म्हणून माझी वाटणी सरळ आहे. प्रवासाने बिघडत नाही ते (तांदूळ, तेल, साखर, लोणी, चीज, फ्रोझन मटार, कागदी रुमाल) मोठ्या दुकानातून, पहिल्याच दिवशी. बेटावर पिकतं ते (फळं, पालेभाजी, वेलभाज्या, आलं, ओली हळद, मासे) बेटावरच्या माणसाकडून, दर दोन-तीन दिवसांनी. भांडण होतं ते मधल्या गोष्टींवरून: दूध, अंडी, कांदे, टोमॅटो. त्यावर खाली लिहा.

---

बे_एरियाकर

कॉस्टकोबद्दल लिहितो. मेनलँडचं, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं, सदस्य-कार्ड तिथे चालतं, वेगळं काही लागत नाही. काउआईवर लिहुएला, माउईवर काहुलुईला, बिग आयलंडवर कैलुआ-कोनाला प्रत्येकी एक आहे. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवर एकापेक्षा जास्त आहेत. तिन्ही बेटांवर ते विमानतळापासून जवळ असल्याने गाडी ताब्यात घेतली की पहिला थांबा तोच सोयीचा. हिलोत कॉस्टको नाही. त्यामुळे हिलोला उतरून व्होल्केनो किंवा पाहोआ या गावांत राहणाऱ्यांनी ते डोक्यातून काढून टाकावं, त्यासाठी बेट ओलांडून कोनाला जाणं वेडेपणा आहे. हिलोत केटीए, सेफवे, टार्गेट, वॉलमार्ट ही दुकानं आहेत. मोलोकाई आणि लानाईवर तर लहान दुकानंच आहेत, तिथे बार्ज आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गेलात तर फळ्या भरलेल्या सापडतात.

फसतात लोक ते वेळेवरून. शनिवार-रविवारी कॉस्टको संध्याकाळी लवकर बंद होतं. शनिवारी संध्याकाळचं विमान, सामान आणि गाडी मिळेपर्यंत सात, की दार बंद. अशा वेळी विमानतळाजवळच्या सेफवेतून फक्त पहिल्या रात्रीपुरतं घ्यावं.

दुसरी चूक मापाची. चार माणसं, सात रात्री, सकाळ-संध्याकाळ घरी जेवण आणि दुपार बाहेर, असं धरलं तर साधारण हे पुरतं:

तांदूळ २ किलो, डाळी सगळ्या मिळून ८०० ग्रॅम, तेल १ लिटर, अंडी १८, लोणी अर्धा पौंड, दूध दीड गॅलन, दही ३२ औंसांचे दोन डबे, कांदे ३ पौंड, बटाटे ३ पौंड, पोळ्यांऐवजी कच्च्या टॉर्टियांचं एक मोठं पाकीट.

या यादीतलं अंडी, दूध आणि टॉर्टिया एवढंच कॉस्टकोच्या मापात बसतं. तांदूळ, कांदे, बटाटे तिथे इतक्या मोठ्या पिशव्यांत असतात की अर्धं मागे टाकून यावं लागतं. दोन-तीन कुटुंबं एकत्र असतील तर गणित बदलतं. एकटं जोडपं पाच दिवसांसाठी आलं असेल तर कॉस्टकोत पाऊल टाकायची गरज नाही, पेट्रोल भरण्यापुरतं जा.

कच्च्या टॉर्टिया तव्यावर फुगतात आणि गरम असेपर्यंत पोळीची भूक भागवतात. बाहेरच्या शिजवलेल्या टॉर्टियांना ती सर नाही.

---

मोहरी

सुपरमार्केटबद्दल दोन गोष्टी कुणी सांगत नाही.

सेफवेत मेनलँडवरचा फोन नंबर दिला की सदस्यांचा भाव लागतो. फूडलँडचं माइकाइ सदस्यत्व फुकट असतं, दुकानात शिरण्याआधी फोनवर नोंदवून ठेवा. फळीवर दोन भाव लिहिलेले असतात आणि सदस्य नसलेल्यांचा भाव पाहून पोटात गोळा येतो.

दुसरं म्हणजे कर. हवाईत जनरल एक्साइज टॅक्स धान्य-भाजीलाही लागतो. चारही काउंट्यांत (जिल्ह्यांत) आता ४.५ टक्के आहे आणि बिलावर तो ४.७१२ टक्के दिसतो, कारण दुकानदार करावरचा करही गिऱ्हाइकाकडून घेऊ शकतो. कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांना किराण्यावर कर भरायची सवय नसते. बाटल्या-कॅनवर प्रत्येकी ५ सेंट अनामत आणि १ सेंट शुल्क वेगळं. पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊच नका, नळाचं पाणी उत्तम असतं. अपवाद बिग आयलंडच्या पुना भागातली भाड्याची घरं: तिथे बऱ्याच ठिकाणी छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात. ते गाळणीशिवाय पिऊ नये, घरमालकाला आधी विचारावं.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर सगळ्या काउंट्यांत बंदी आहे. घरून चार कापडी पिशव्या आणा.

आता घरून काय आणायचं. ओआहू सोडून इतर बेटांवर भारतीय दुकानाच्या भरवशावर जाऊ नका. तूरडाळ, पोहे, रवा, गोडा मसाला, हिंग, मोहरी, जिरं, कोकम हे सगळं कंपनीच्या सीलबंद पाकिटांतून चेक-इन सामानात टाका. हातातल्या बॅगेत १२ औंसांपेक्षा जास्त भुकटी असेल तर तपासणीत ती वेगळी काढायला लावू शकतात. तांदूळ मात्र आणू नका. हवाईत सगळीकडे मिळणारा मध्यम दाण्याचा कॅलरोज आमटी-भाताला झकास लागतो, फक्त त्याचा मसालेभात करू नका, गोळा होतो. बहुतेक काँडोंत राइस कुकर असतो. प्रेशर कुकर नसतो, म्हणून तूरडाळीऐवजी मूग-मसूर जास्त आणलेली बरी. वीस-पंचवीस मिनिटांत उघड्या पातेल्यात शिजते.

उतरण्यापूर्वी झाडं, प्राणी आणि शेतमालाची घोषणा करणारा फॉर्म भरावा लागतो. विमानात कागद मिळतो, हल्ली काही उड्डाणांत तो मोबाइलवर भरतात. फळ, भाजी, बी-बियाणं काहीही असेल तर लिहा. लिहिलं की निरीक्षक बघून सोडतात किंवा काढून घेतात, तेवढ्यावर भागतं. लपवलं तर दंड. कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांचे रोग त्यावरून पसरतात, म्हणून तो नेण्याच्या भानगडीत पडू नका.

---

शिळी_भाकरी

रुमाल टाकून ठेवतो, पण एक शंका. बाजार-बाजार करताय, तिथे द्राक्षं, सफरचंदं आणि ब्रोकोली बघितली आहेत. ती काय हवाईत पिकतात? खोक्यातला माल टेबलावर मांडून दुप्पट भावाने विकायचा, त्यापेक्षा सेफवे काय वाईट?

---

नारळीपोफळी

शिळी_भाकरी, शंका रास्त आहे. असे फेरविक्रेते असतातच, हिलोच्या रोजच्या बाजारातही आणि इतरत्रही. ओळखायच्या खुणा सांगते.

टेबलावर सफरचंद, द्राक्ष, लसूण, ब्रोकोली, पिवळा बटाटा यांपैकी दोन-तीन वस्तू एकत्र दिसल्या तर तो घाऊक खोक्यांचा माल आहे. फळावर आकड्यांचं स्टिकर, जुडीला छापील पट्टी, टेबलाखाली छापील खोकं, या पुढच्या खुणा. खऱ्या शेतकऱ्याच्या टेबलावर चार-पाच प्रकारच असतात, आकार वेडेवाकडे असतात आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं एखादं गायब असतं. शेत कुठे आहे, हे विचारलं की खरा माणूस गावाचं नाव घेऊन वर पावसाची तक्रार पण करतो.

सुपरमार्केटमध्ये उलटी फसगत होते. ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ म्हणजे हवाईचं असं नाही, कॅलिफोर्नियाचंही असू शकतं. बेटावरच्या मालावर ‘लोकल’ किंवा ‘हवाई ग्रोन’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. केटीएचा माउंटन अॅपल हा शिक्का बिग आयलंडवरच्या मालासाठी भरवशाचा आहे. कॉस्टकोतही स्थानिक पपई आणि सॅलडची पानं येतात, तेव्हा तिथे जाऊन ती टाळायचं कारण नाही.

आता बाजार कसे चालतात. काउआईवर काउंटी स्वतः सनशाइन मार्केट भरवते, वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या दिवशी, बहुधा दुपारी. वार आणि वेळा बदलतात म्हणून काउंटीच्या पानावर बघून जा. ठरलेल्या वेळेआधी विक्री करायची नाही, हा तिथला जुना शिरस्ता. दोरी सुटली किंवा शिट्टी झाली की झुंबड उडते आणि पहिल्या वीस मिनिटांत चांगली पपई, कोथिंबीर, पालेभाजी संपते. मराठी माणसाने ‘जरा गर्दी ओसरू दे’ म्हणून थांबू नये. ओआहूवर कापिओलानी कम्युनिटी कॉलेजचा शनिवार सकाळचा बाजार प्रसिद्ध आहे, पण तो तयार खाण्याचा जास्त. भाजीसाठी होनोलुलू शहराचे पीपल्स ओपन मार्केट बघा, ते १९७३ पासून चालू आहेत आणि स्वस्त आहेत. माउईवर पुकालानीचा शनिवारचा अपकंट्री बाजार सकाळी सातला सुरू होतो आणि कुलाच्या डोंगरउतारावरची भाजी तिथेच उत्तम मिळते. हिलोत बाजार रोज असतो, पण बुधवार-शनिवारी मोठा भरतो.

सुटे पैसे ठेवा, १ आणि ५ च्या नोटा. रस्त्याकडेला बिनमाणसाची टपरी आणि पैशांची पेटी दिसते, तिथे सुटे देणारं कुणी नसतं. भाव बहुधा वजनावर नसतो, पिशवीवर किंवा वाट्यावर असतो, आणि कर त्यातच धरलेला असतो.

आता मुख्य मुद्दा, जो प्रवासाच्या वेबसाइटांवर सापडत नाही. या बाजारांतले बरेच शेतकरी फिलिपिनो घराण्यांतले आहेत, उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्यांची पुढची पिढी. त्यांच्या टेबलावर आपल्या मंडईतली निम्मी भाजी असते. दुधी हवा असेल तर ‘उपो’ विचारा. शेवग्याचा पाला ‘मारुंगाय’ म्हणून जुडीने मिळतो, कधी शेंगाही. कारली, भेंडी, घोसाळी, लांब वांगी, हातभर चवळीच्या शेंगा, चौधारी, लाल भोपळा, कच्ची पपई, ओलं आलं, ओली हळद. शेवग्याचा पाला सेफवेत मिळत नाही आणि इथली भेंडी तिथल्या भेंडीच्या शेजारी ठेवली की फरक बोटांना कळतो: कोवळ्या भेंडीचं टोक कट्कन मोडतं, जहाजातून आलेली वाकते.

---

नारळीपोफळी

फळांचं वेगळं लिहिते, वर फार लांबलं.

पपई: काउआईवर तांबूस गराची सनराइज, बिग आयलंडवर पिवळ्या गराची रेनबो. पुना भागात विषाणूने बागा संपवत आणल्या होत्या, त्यावर उपाय म्हणून रेनबो हे जनुकबदल केलेलं वाण १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. ज्यांना ते नको असेल त्यांनी विचारून घ्यावं. पाव ते अर्धा भाग पिवळा झालेली घ्या, ओट्यावर दोन-तीन दिवसांत पिकते. पूर्ण हिरवी फ्रिजमध्ये टाकली की पिकतच नाही.

केळी: ‘अॅपल बनाना’ घ्या. चवीला वेलची केळ्याच्या जवळची, आकाराने थोडी मोठी. सालीवर काळे ठिपके येईपर्यंत धीर धरा, नुसती पिवळी असताना तुरट लागतात. लोक पहिल्याच दिवशी खाऊन नाक मुरडतात.

अननस: तोडल्यावर गोडी वाढत नाही, फक्त रंग बदलतो आणि मऊ पडतो. बुडाशी वास घेऊनच घ्या. काउआईचा पांढरा अननस महाग, पण आंबटपणा नावाला, आणि मधला दांडाही खाता येतो.

आंबा: मे ते सप्टेंबर. हापूस शोधू नका, त्रास होईल.

लक्ष्मणफळ, करमळ, रामबुतान, पॅशन फ्रूट हे हंगामाप्रमाणे. अॅव्होकाडो हिवाळ्यात उत्तम, त्यात शारविल हे वाण लोण्यासारखं. मोठे गुळगुळीत अॅव्होकाडो काही झाडांचे पाणचट निघतात, विकणाऱ्याला विचारा.

आणि नीरफणस! तिथे त्याला ‘उलु’ म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत चांगला मिळतो. सालीवरचे खवले सपाट झालेले, चिकाचे वाळलेले तपकिरी डाग असलेला, पण दाबून घट्ट लागणारा बघा. खवले टोकदार आणि रंग झगझगीत हिरवा असेल तर कोवळा आहे, कापं चिवट होतील. घरी आणल्यावर एक ते तीन दिवसांत मऊ पडतो, कापं करायची असतील तर त्याच दिवशी करा. लगेच जमणार नसेल तर अख्खा बादलीभर थंड पाण्यात बुडवून ठेवा, पिकणं लांबतं. सुरीला आणि हाताला तेल लावून कापा, चीक काही केल्या निघत नाही. मधला दांडा काढून अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या, मीठ-हळद-तिखट-कोकम, रव्यात घोळवून मध्यम आचेवर झाकण ठेवून एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग झाकण काढून दुसरी बाजू. मालवणात करतात तशीच होतात. ताजा नसेल तर हवाई उलु को-ऑपचा उकडलेला फ्रोझन मिळतो, तो भाजीला चालतो. कापांना नाही, तुकडे मोडतात.

---

मोहरी

पालेभाजीवर एक गंभीर सूचना, कारण आपण लोक कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात कच्ची खातो.

हवाईत रॅट लंगवर्म नावाची कृमी आहे, विशेषतः बिग आयलंडच्या पूर्व भागात. ती उंदरांत वाढते, तिथून गोगलगायींत येते. पानाला चिकटलेली बारकी गोगलगाय पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवण्यावर विसंबू नका, त्याने ती खात्रीने मरत नाही. एकेक पान सुटं करून, दोन्ही बाजूंनी, वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून धुवायचं. जुडी मुळाशी धरून हलवली म्हणजे धुतली, असं होत नाही. कोबी-लेट्यूसची बाहेरची पानं फेकून द्या. तीन ते पाच मिनिटं उकळलं की धोका संपतो. बाजारातली पालेभाजी म्हणून शिजवूनच खावी आणि कच्च्यासाठी काकडी-टोमॅटो चोळून धुऊन घ्यावेत, हा सोपा मार्ग.

अळूबद्दल. ‘लुआउ लीफ’ नावाने जुड्या मिळतात, पानं पाहून हात शिवशिवतात. पण हे आपलं वडीचं काळं अळू नव्हे. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया भरपूर, कमी शिजलं तर घसा धरतो. तिकडे लोक ते पाऊण ते एक तास उकळतात आणि पहिलं पाणी ओततात. वडी वीस मिनिटं वाफवून भागणार नाही. फदफदं करा: देठ सोलून, पानं चिरून, तासभर उकळून, पाणी बदलून, मग चिंच आणि भिजवलेली हरभराडाळ. चिंच सढळ हाताने घाला.

---

कोळीवाडा

मासे राहिलेच की. मासे सोडून काय कारली आणताय हवाईत जाऊन.

सुपरमार्केटच्या काउंटरवर दोन पाट्या बघायच्या: ‘फ्रेश’ आणि ‘प्रीव्हियसली फ्रोझन’. दुसरा स्वस्त असतो आणि आयात असू शकतो. ट्यूनाला काही वेळा कार्बन मोनॉक्साइड देतात, त्यामुळे तो जुना झाला तरी कलिंगडासारखा लालबुंद दिसतो. रंगावर जाऊ नका, पाटी आणि वास बघा. फूडलँडचा पोके (कच्च्या माशाच्या मुरवलेल्या फोडी) काउंटर चांगला, पण तिथेही ताज्याचा आणि गोठवलेल्याचा भाव वेगळा असतो.

आपल्या स्वयंपाकाला काय चालतं:

ओनो म्हणजे वाहू, सुरमईच्याच कुळातला. तव्यावर तळायला पहिली पसंती. पण चरबी कमी, दोन सेंटीमीटरच्या तुकड्याला एका बाजूला दोन-तीन मिनिटं, बास. सुरमईच्या हिशेबाने सात मिनिटं ठेवलात की भुसा. कोकमात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मुरवू नका.

माहीमाही रश्शात तुटत नाही, म्हणून कालवणाला. आही म्हणजे ट्यूना, आपला कुपा. हिरव्या मसाल्यात सुकं चांगलं होतं, रश्शात कोरडा पडतो. आकुले मिळाले तर सोडू नका: बांगड्याएवढे, अख्खे, काटेरी, रवा लावून तळायला. तिकडच्या लोकांचाही तो रोजचा मासा आहे म्हणून भाव माणसात असतो.

बर्फ. कूलरमध्ये बर्फ घेतल्याशिवाय मासे गाडीत ठेवू नयेत. ट्यूना, माहीमाही, ओनो उन्हात राहिले की हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल, डोकं ठणकतं. जिभेला मिरीसारखं झोंबलं तर तिथेच थांबा. तसंच रस्त्याकडेला कुणी खडकाळ भागातले मोठे मासे विकत असेल तर घेऊ नका. सिग्वाटेरा नावाचं विष काही रीफ माशांत साठतं, त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळून ते नष्ट होत नाही.

होनोलुलूत असाल तर पिअर ३८ वर पहाटे माशांचा लिलाव होतो, १९५२ पासूनचा. लिलावात आपण बोली लावायची नसते, पण आसपासची दुकानं तोच माल विकतात.

---

शिळी_भाकरी

कोळीवाडा, धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत सांगा, शाकाहारी माणसाने प्रथिनांचं काय करायचं? आणि वर घाटमाथांनी विचारलेलं दूध, अंडी, कांदे तसंच लटकलंय.

---

घाटमाथा

घेतो एकेक.

दूध: बेटांवरचा बहुतेक दूधपुरवठा मेनलँडहून येतो. त्यामुळे ‘स्थानिक’ शोधत बसण्यात अर्थ नाही, जिथे तारीख लांबची तिथून घ्या, आणि ते बहुधा कॉस्टको असतं. चहापुरतं लागत असेल तर अर्धा गॅलन बास. दही लावायचं असेल तर तिथल्या हवेत पाच-सहा तासांत लागतं, जास्त ठेवू नका.

अंडी: स्थानिक ताजी आणि महाग, मेनलँडची स्वस्त आणि जुनी. उकडायला जुनीच बरी, साल सुटते. ऑम्लेटला स्थानिक घ्या, तीन-चार डॉलरच्या फरकासाठी वाद घालू नये.

कांदे: माउईचा कुला कांदा गोड, कच्चा कोशिंबिरीत मस्त. फोडणीला टाकला तर पाणी सोडतो आणि तांबूस व्हायला फार वेळ घेतो. वाटणाला लाल किंवा पिवळा मेनलँडचा कांदा. कुलाचा कांदा टिकतही नाही, आठवड्याचा साठा करू नका.

टोमॅटो बाजारातून. बटाटे, लसूण, गाजरं दुकानातून. लिंबं बाजारात हिरवी आणि रसाळ मिळतात.

प्रथिनं: होनोलुलूत बनणारा ताजा टोफू सगळीकडे मिळतो, त्याची भुर्जी होते. डाउन टू अर्थ हे संपूर्ण शाकाहारी दुकान ओआहू आणि माउईवर आहे, सुटी कडधान्यं मिळतात, भाव तिखट. माउईवर पाइआचं माना फूड्स, बिग आयलंडवर आयलंड नॅचरल्स. ओलं खोबरं लागत असेल तर आशियाई फ्रीझरमधलं किसलेलं घ्या, काँडोत खवणी नसते आणि नारळ फोडायला हातोडीही नसते.

घरात आल्यावर: साखर, पोहे, रवा, उघडं पाकीट सगळं घट्ट डब्यात किंवा फ्रिजमध्ये. दमट हवेत पोहे दोन दिवसांत मऊ आणि मुंग्या दोन तासांत हजर. केळ्यांचा घड आत नेण्याआधी बाहेर झटकून घ्या. बिग आयलंडवर लहान आगमुंग्या त्यातून येतात आणि चावल्या की चांगल्याच भाजतात.

किराणा गाडीत ठेवून समुद्रावर जाऊ नका. उन्हाने सडतो, आणि दिसेल असं सामान गाडीत असलं की काच फुटते.

---

बे_एरियाकर

परत येताना काय आणता येतं? दरवेळी विमानतळावर कुणाचा तरी आंबा जातो.

---

घाटमाथा

मेनलँडला जाणाऱ्या सामानाची विमानतळावरच कृषी खात्याकडून क्ष-किरण तपासणी होते. ताजा अननस चालतो, नारळ चालतो. पपई चालते ती प्रक्रिया केलेली, शिक्का असलेल्या खोक्यातली, बाजारातली सुटी नाही. आंबा, पॅशन फ्रूट, संत्री-लिंबं, कढीपत्ता, ऊस, माती लागलेलं काहीही नाही. बाजारातली ओली हळद-आलं मातीसकट बॅगेत टाकतात लोक, तेही अडकतं.

कॉफी भाजलेली असेल तर कितीही न्या. फक्त पाकीट नीट वाचा. ‘कोना ब्लेंड’मध्ये कोनाची कॉफी १० टक्के असली तरी कायद्याला चालते. २०२४ च्या कायद्याने ते प्रमाण १ जुलै २०२७ पासून ५१ टक्के होणार आहे. १०० टक्के लिहिलेलं नसेल तर उरलेली कॉफी दुसऱ्या कुठल्या देशाचीही असू शकते. मॅकाडेमियाच्या पाकिटावरही मूळ देश बघा.

---

शिळी_भाकरी

आणि अर्धा नीरफणस उरला तर?

---

नारळीपोफळी

कच्चा अडवतील. शेवटच्या रात्री सगळ्याची कापं तळा, कागदावर निथळून पूर्ण गार करा, मग डब्यात भरा. शिजवलेल्याला कुणी हात लावत नाही. गरम भरलीत तर वाफेने रवा सुटतो.